एक माणूस, तीन माध्यमं: रेम्ब्रांट आणि यान सिक्स, १६४५ ते १६५६

पार्श्वभूमी

सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटबद्दल शिकवताना सहसा तीन वेगळे रस्ते दाखवतात. पेंटिंगचा एक, रेखाटनांचा एक, एचिंगचा म्हणजे तांब्याच्या प्लेटवरून छापलेल्या चित्रांचा एक, आणि प्रत्येक रस्त्यावर सुरुवातीचा, मधला, शेवटचा असे टप्पे. परीक्षेसाठी ठीक आहे, पण त्याने मूळ गोष्ट हातातून निसटते असं मला वाटतं, कारण माणूस एकच होता, सकाळी प्लेटवर सुई चालवणारा हात दुपारी ब्रश धरत होता, आणि एका माध्यमात घेतलेला निर्णय दुसऱ्यात जाऊन फळत होता. हे दाखवायला सगळा पसारा मांडायची गरज नाही. एक गिऱ्हाईक पुरेसं आहे, ज्याचं काम रेम्ब्रांटने तिन्ही माध्यमांत केलं, आणि ते म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमचा यान सिक्स.

आधी थोडक्यात माणसं कोण ते. रेम्ब्रांट १६०६ चा, लायडनच्या गिरणीवाल्याचा मुलगा. तिथे स्वानेनबुर्खकडे शिकला, मग अ‍ॅमस्टरडॅमला पीटर लास्टमनकडे सहा महिने, आणि १६३१ च्या सुमारास कायमचा अ‍ॅमस्टरडॅमला आला. १६३२ ला डॉक्टर तुल्पच्या शवविच्छेदनाचं मोठं पेंटिंग केलं आणि पोर्ट्रेटची कामं धडाधड यायला लागली. १६३९ ला ब्रेस्ट्राटवर १३,००० गिल्डरचं (गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच नाणं) घर घेतलं, बरेचसे पैसे उधारीवर. १६४२ ला 'नाइट वॉच' हे पेंटिंग पूर्ण झालं आणि त्याच वर्षी बायको सास्किया गेली, मुलगा टायटस तेव्हा जेमतेम वर्षाचा.

सिक्स १६१८ चा. घरचा कापड आणि रंगाईचा धंदा, पैसा भरपूर, पण याचं मन कविता-नाटकात आणि चित्रं गोळा करण्यात. रेम्ब्रांटपेक्षा साधारण बारा वर्षांनी लहान. १६४५ चं एक छोटं एचिंग आहे, 'सिक्सचा पूल' नावाचं, सपाट मुलूख, एक लाकडी पूल, दोन माणसं कठड्यावर टेकलेली, बाजूला शिडाची बोट, आणि बाकी सगळा कोरा कागद. नाव मागाहून चिकटलंय आणि पूल सिक्सच्या जागेतला नाही असं अभ्यासक म्हणतात, पण ते एचिंग इथे हवंच, कारण १६४५ ला रेम्ब्रांट प्लेटवर किती मोकळी रेघ मारू शकत होता ते त्यात दिसतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रश्न काय होता

१६४७ ला सिक्सचं छापील पोर्ट्रेट करायचं ठरलं. सिक्स एकोणतीस वर्षांचा. छापील पोर्ट्रेट म्हणजे मित्रांना, कवींना, नातलगांना वाटायची गोष्ट, त्यामुळे माणूस जगाला कसा दिसावा हे त्यात पक्कं होऊन बसतं. सिक्सला धंदेवाईक व्यापारी म्हणून दिसायचं नव्हतं हे प्रिंट बघितलं की कळतं, त्याला पुस्तकांतला माणूस म्हणून दिसायचं होतं.

रेम्ब्रांटच्या बाजूने अडचण तांत्रिक होती. ज्यांनी एचिंग केलंय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. तांब्याच्या प्लेटवर मेण-डांबराचा पातळ थर देतात, त्याला ग्राउंड म्हणतात, त्यावर सुईने रेखाटायचं, सुई जिथे थर खरवडते तिथे अ‍ॅसिड तांबं खातं, मग थर काढून त्या खाचांमध्ये शाई भरून ओलसर कागदावर प्रेसखाली छापायचं. ड्रायपॉइंटमध्ये अ‍ॅसिड नसतं, सुईने सरळ तांबंच खरवडायचं, मग रेघेच्या कडेला तांब्याचा खरखरीत बर उभा राहतो आणि तो शाई धरतो, म्हणून रेघ मखमलीसारखी काळी उमटते. पण हा बर प्रेसच्या दाबाने लवकर चेपतो आणि मोजक्या प्रतींनंतर उतरतो. दोन्हीत चित्र उलटं छापलं जातं, डावं ते उजवं. आणि मुख्य म्हणजे एचिंगमध्ये राखाडी रंग असा नसतोच, जो काही काळोख हवा तो रेघांवर रेघा घालूनच आणायचा.

त्यात रेम्ब्रांटला हवा होता खिडकीतला माणूस, म्हणजे उजेड पाठीमागून. कॅमेऱ्यात असा फोटो काढला तर चेहरा काळा पडतो हे सगळ्यांना माहीत आहे. इथे तर चेहराच विकायचा होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय रूढ होता. अर्धाकृती, साधी पार्श्वभूमी, खाली नाव, आणि बुरीनने, म्हणजे तांबं कोरायच्या पोलादी हत्याराने, कोरलेल्या नेटक्या समांतर रेघा, जसं धंदेवाईक एन्ग्रेव्हर करायचे. किंवा चित्रकार रुबेन्ससारखं, आपण चित्र करायचं आणि तांब्याचं काम पगारी एन्ग्रेव्हरकडे सोपवायचं. प्लेट टिकते, प्रती भरपूर निघतात, गिऱ्हाईक खूश. रेम्ब्रांटचा जीव यात कधीच रमला नाही.

दुसरा पर्याय त्याने कागदावर करून बघितला. सिक्सच्या घराण्याच्या संग्रहात आजही ते पेन आणि शाईचं रेखाटन आहे, सिक्स खिडकीशी उभा आणि त्याच्या अंगावर कुत्रा झेप घेतोय. झटपट केलेलं, जिवंत. मला हे रेखाटन फार आवडतं, पण प्रिंट म्हणून ते फसलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण उडी मारणारा प्राणी असला की नजर तिथेच जाते, आणि माणूस मग घरी आलेल्या पाहुण्याचं स्वागत करणारा यजमान होतो, वाचणारा कवी उरत नाही.

तिसरा पर्याय तंत्राचा. 'सिक्सचा पूल'सारखी मोकळी रेघ ठेवायची, कागद कोरा सोडायचा, डोळ्याने उरलेलं भरून घ्यायचं. हे त्याला येत होतं, दोनच वर्षांपूर्वी केलं होतं. पण खोलीतला अंधार मोकळ्या रेघेने येत नाही.

काय केलं: १६४७

कुत्रा काढला. सिक्स खिडकीच्या कट्ट्याला पाठ टेकून उभा, हातात कागद, वाचण्यात गुंग. सगळ्यात मोठा निर्णय मला हाच वाटतो आणि त्यामागचं डोकं बघा. उजेड पाठीमागच्या खिडकीतून येतो, हातातल्या पांढऱ्या कागदावर पडतो आणि कागदावरून परतून चेहऱ्यावर येतो. चेहरा उजळायला वेगळा दिवा लागला नाही, गोष्टीतल्याच एका वस्तूने तो प्रश्न सोडवला, आणि तीच वस्तू सांगते की हा वाचणारा माणूस आहे. एकाच कागदाने दोन कामं केली.

मग त्याने एक गोष्ट केली जी तो एचिंगसाठी फार क्वचित करायचा. काळ्या खडूत पक्कं रेखाटन केलं आणि त्याच्या कडा टोकदार सळईने दाबून प्लेटवर उतरवल्या, कागदावर ते दाबलेले ओरखडे आहेत. एरवी तो ग्राउंडवर थेट रेखाटायचा. म्हणजे इथे सगळी चूक-दुरुस्ती कागदावर उरकून घेतली, तांब्यावर जोखीम नको.

पुढे जे केलं ते जवळून बघण्यासारखं आहे. चांगल्या प्रतीचा फोटो मोठा करून खोलीचा डावा-उजवा कोपरा बघा. अंधारात हळूहळू वस्तू दिसायला लागतात, खुर्चीवर पुस्तकं-कागद, तलवार, भिंतीवर पडदा अर्धा सारलेलं पेंटिंग. हा अंधार एका प्रकारच्या रेघेचा नाही, बारीक एचिंगच्या जाळ्या एकावर एक, त्यावर ड्रायपॉइंट, मध्ये मध्ये बुरीन. रेघ अशी वेगळी दिसतच नाही, नुसता टोन दिसतो. छापणाऱ्यासाठी ही प्लेट म्हणजे परीक्षा आहे, शाई जरा जास्त पुसली तर खोली रिकामी होते आणि कमी पुसली तर सगळं चिखल. गंमत म्हणजे इतकी तयारी करूनसुद्धा एका सुरुवातीच्या स्टेटमध्ये (स्टेट म्हणजे प्लेटमध्ये बदल करत छापलेला एकेक टप्पा) सालातले ६ आणि ४ उलटे छापले गेले, उलट्या बाजूने लिहिताना राहून गेलं, मग पुढच्या स्टेटमध्ये सुधारले आणि सिक्सचं नाव, वय २९, तेही घातलं.

थोडक्यात १६४७ चा रेम्ब्रांट आधी ठरवतो आणि मग करतो.

मधली वर्षं

१६४८ ला सिक्सचं 'मेडिया' हे नाटक छापलं गेलं, त्यासाठी रेम्ब्रांटने एक एचिंग करून दिलं. साधारण त्याच काळात 'हंड्रेड गिल्डर प्रिंट' हे त्याचं ख्रिस्तावरचं एचिंग पूर्ण होत होतं, ज्यात एका बाजूला नुसती बाह्यरेषा आणि दुसऱ्या बाजूला गडद टोन असं दोन्ही एकाच प्लेटवर आहे. मला हे प्रिंट म्हणजे दोन सवयींची भेट वाटते, 'सिक्सचा पूल'ची मोकळी रेघ आणि सिक्सच्या पोर्ट्रेटचा अंधार.

१६५२ ला सिक्सच्या 'पँडोरा' नावाच्या वहीत रेम्ब्रांटने दोन रेखाटनं करून दिली, एकात होमर कविता म्हणतोय. इथे रेघ पूर्ण बदललीय. बोरूने केलेलं काम, जाड, तुटक, सरळसोट फटकारे, चेहरे म्हणजे दोन-चार खुणा. पाच वर्षांपूर्वीच्या त्या खडूच्या नेमक्या रेखाटनाशेजारी ठेवलं तर वाटतं दुसऱ्याचं आहे. बोरू हे मुळात हट्टी हत्यार, वळणं घेत नाही, शाई लवकर संपते, त्यामुळे काय सोडायचं हे हात चालू असतानाच ठरवावं लागतं. हे आपोआप झालं असं मी मानत नाही, त्याने जाणूनबुजून असं हत्यार निवडलं जे आधी ठरवू देत नाही.

आणि १६५३ ला 'थ्री क्रॉसेस', क्रुसावरच्या ख्रिस्ताचं प्रिंट. मोठी प्लेट, साधारण ३८ बाय ४५ सेंटिमीटर, अ‍ॅसिड नाही, नुसतं ड्रायपॉइंट आणि बुरीन. त्याच्या पहिल्या प्रती काही कागदावर, काही चर्मपत्रावर छापल्या आणि प्रत्येक वेळी प्लेटवर शाईचा थर वेगवेगळा सोडला, म्हणजे छापणं हाही चित्र काढण्याचाच भाग झाला. मग बर झिजल्यावर प्लेट टाकून देण्याऐवजी त्याने तीच खरवडली, माणसं पुसली, नवा घोडेस्वार घातला जो पिसानेल्लो या इटालियन कलाकाराच्या जुन्या पदकावरून घेतलाय, आणि वरून अंधाराच्या उभ्या सरी ओढल्या. १६४७ ला जी चाचपणी खडूच्या कागदावर झाली होती ती आता थेट तांब्यावर, सगळ्यांना दिसेल अशी.

त्याच साली, १६५३ ला, घराचे राहिलेले पैसे मागणीला आले. रेम्ब्रांटने तीन ठिकाणाहून उचल केली, विट्सनकडून ४,१८० गिल्डर, हेर्ट्सबेककडून ४,२००, आणि सिक्सकडून १,०००. सिक्सच्या पैशाला लुडिक नावाचा जामीनदार होता. गिऱ्हाईक आता सावकारही झाला.

काय केलं: १६५४

या सगळ्या पार्श्वभूमीवर सिक्सचं पेंटिंग बघायचं. कॅनव्हास, साधारण ११२ बाय १०२ सेंटिमीटर. सिक्स आता छत्तीसचा, राखाडी कोट, डाव्या खांद्यावर लाल झगा, हातमोजा चढवतोय की उतरवतोय. खिडकी नाही, पुस्तक नाही, खोली नाही.

हात बघा. हातमोज्याच्या पिवळट कातड्यावर ब्रशचे रुंद पट्टे आहेत, एकदा ठेवलेले, परत न शिवलेले. झग्यावरची सोनेरी पट्टी म्हणजे जाड रंगाच्या एकेका फटकाऱ्याची रांग, प्रत्येक फटकारा कुठे सुरू झाला आणि ब्रश कुठे उचलला ते दिसतं. बटणं म्हणजे टिपके. आणि चेहरा मात्र मऊ, हळू, थरांमध्ये रंगवलेला. दूर गेलात की हे सगळं जागच्या जागी बसतं आणि माणूस आत्ता निघेल असं वाटतं.

हे फटकारे पेंटिंगमध्ये आले कुठून, तर माझ्या मते बोरूतून आणि ड्रायपॉइंटमधून. झग्यावरची पट्टी ही बोरूच्या रेघेचं रंगातलं भावंड आहे. ड्रायपॉइंटची रेघ परत पुसणं अवघड, बोरूची शाई पुसता येत नाही, आणि त्या दोन माध्यमांत पक्की झालेली सवय त्याने तेलरंगात आणली, जिथे खरं तर कितीही वेळा दुरुस्त करता येतं. पेंटिंगसाठी तयारीची रेखाटनं तो तसाही कमीच करायचा, पण इथे तर निर्णय सगळे कॅनव्हासवरच घेतलेले दिसतात. १६४७ च्या अगदी उलट टोक, आणि मॉडेल तोच माणूस.

सिक्सला ते आवडलं असणार, कारण त्याने त्यावर लॅटिनमध्ये दोन ओळी रचल्या ज्यातली मोठी अक्षरं रोमन आकडे म्हणून जोडली की १६५४ येतात. पेंटिंग आजही अ‍ॅमस्टरडॅमला त्याच घराण्याकडे आहे.

निकाल

एचिंगचा निकाल बाजारात दिसला. १६५५ ला रेम्ब्रांट काटेनबुर्ख नावाच्या माणसाकडून घर घ्यायची बोलणी करत होता, त्यात काही रक्कम चित्रांतून फेडायची होती, आणि काटेनबुर्खच्या भावाचं एक एचिंग करून द्यायचं होतं, यान सिक्सच्या पोर्ट्रेटच्या तोडीचं, किंमत ४०० गिल्डर. म्हणजे आठ वर्षांनंतरही ती प्लेट मोजमाप म्हणून वापरली जात होती. तो व्यवहार पुढे सरकलाच नाही.

पैशाचा निकाल वाईट लागला. सिक्सने आपलं कर्ज दुसऱ्या माणसाला विकून टाकलं, जामीनदार लुडिकच्या गळ्यात ते पडलं. १६५६ ला रेम्ब्रांटने दिवाळखोरी मागितली, घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी झाली, ३६३ नोंदींची. घर १६५८ ला ११,२१८ गिल्डरला गेलं, म्हणजे घेतल्यापेक्षा कमी. सिक्सने १६५५ ला डॉक्टर तुल्पच्या मुलीशी, मार्गारेताशी, लग्न केलं आणि तिचं पोर्ट्रेट केलं गोव्हर्ट फ्लिंकने, रेम्ब्रांटच्याच जुन्या शिष्याने, गुळगुळीत आणि नीटनेटकं.

त्या ३६३ नोंदींत लघुचित्रांचा एक अल्बम होता. याच सुमारास, १६५६ पासून पुढे, रेम्ब्रांटने मुघल चित्रांवरून वीसहून जास्त रेखाटनं केली, शहाजहान, दारा शुकोह, जहांगीर, सगळे. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचं एक मुघल चित्र त्याने उतरवलं आणि त्याच बैठकीवरून १६५६ चं अब्राहम आणि देवदूतांचं एचिंग केलं. आपल्याकडचा माणूस म्हणून मला याचा आनंद होतोच, पण या प्रकरणात त्याचं महत्त्व वेगळं आहे. आशियाई कागदावरची ती रेघ बारीक आणि सावध आहे, बोरूचा धसमुसळेपणा तिथे नाही. म्हणजे मोकळा हात मिळवल्यावरही सावध हात त्याने सोडला नव्हता, समोरच्या कामाला जो लागेल तो काढायचा. वयानुसार हात सैल होत गेला असं जे सरसकट सांगतात, ते तसं नाही याचा हा चांगला पुरावा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

गिऱ्हाइकाकडून कर्ज घ्यायला नको होतं. एक हजार गिल्डर ही तिन्ही उचलींतली सगळ्यात छोटी रक्कम होती, आणि त्या बदल्यात जवळपास दहा वर्षांचं नातं पणाला लागलं. १६५४ नंतर सिक्ससाठी केलेलं रेम्ब्रांटचं एकही मोठं काम दिसत नाही.

दुसरं प्लेटबद्दल. सिक्सची प्लेट सिक्सच्याच घराण्यात राहिली. खासगी पोर्ट्रेट म्हणून ते रास्त होतं, पण तीच रेम्ब्रांटची मोजमाप ठरलेली प्लेट होती, आणि तिच्या नव्या प्रती काढायचा हक्क त्याच्या हातात नव्हता. निदान ठराविक प्रती आपल्याकडे ठेवायचा करार त्याने करायला हवा होता असं मला वाटतं, कारण दिवाळखोरीनंतर त्याच्या प्रिंट्स हाच विकता येईल असा माल होता.

तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे. कामावरच निर्णय घ्यायची सवय कलाकार म्हणून त्याला कुठल्या कुठे घेऊन गेली, 'थ्री क्रॉसेस' आणि सिक्सचं पेंटिंग त्याशिवाय झालंच नसतं, आणि मला कुणी निवड करायला सांगितली तर मी दर वेळी तीच निवडेन. पण पुस्तकात छापायच्या कामाला ती बसत नाही, तिथे शेकडो प्रती निघाव्या लागतात आणि बर टिकत नाही. १६४७ ची पद्धत, आधी ठरवून घट्ट प्लेट करायची, ती त्याला येत होती आणि अशा ठिकाणी ती वापरायला हवी होती. १६६५ ला लायडनच्या एका प्रकाशकाला दिवंगत डॉक्टर फान डर लिंडनचं पोर्ट्रेट पुस्तकासाठी हवं होतं, बुरीनने कोरलेलं, टिकाऊ. टायटसने वडिलांसाठी ते काम मिळवलं, वडील तसं करू शकतात असं सांगून. रेम्ब्रांटने एचिंग आणि ड्रायपॉइंटच केलं, नेहमीसारखं, सुंदर आणि नाजूक. पुस्तकात ते वापरलं गेलं नाही, आणि त्यानंतर त्याने एकही प्लेट केली नाही.